अकराव्या होलनंतर उठून गेलेले चौघे बाद होतात का?

नांदेडकडच्या एका हौशी गोल्फ गटाचा प्रश्न आहे. आधी तो थोडक्यात सांगतो. बारा जण महिन्यातून एकदा एकत्र खेळतात. मैदान नऊ होलचं, तेच दोनदा फिरून अठरा करायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा वार्षिक चषक असतो आणि हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी ठोक्यांची सूट) वजा करून ज्याचे ठोके सगळ्यांत कमी, तो जिंकतो. यंदा दुपारी एकला सुरुवात केली. चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, धुळीची वावटळ उठली आणि मागोमाग गडगडाटासह पाऊस. मधली चौकडी अकरावं होल संपवून सरळ उठली, माळ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली आणि तिथून यादी करणाऱ्याला, म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्याला, फोन केला, 'विजा चमकताहेत, आम्ही थांबलोय.' बाकी दोन चौकड्यांनी भिजत अठरा पुरे केले. यादी करणाऱ्याने निर्णय दिला: ज्यांनी फेरी पुरी केली नाही ते बाद. भरीला भर म्हणजे जो एका ठोक्याने जिंकला, त्याचा बॉल चौदाव्या होलला पाणी भरलेल्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) होता. त्याने तो उचलून शेजारच्या गवतावर ठेवला आणि दंड न मोजता पुढे खेळला. चषक त्याच संध्याकाळी वाटून झाला. आता गटात दोन तट पडलेत. बरोबर कोण, आणि पुढच्या वेळी हे नीट कसं करायचं, असं विचारलंय.

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो. पंचवीसेक वर्षं अशाच लहान गटांच्या स्पर्धांच्या याद्या करतोय आणि त्यातल्या निम्म्या भांडणांत पंच म्हणून माझीच मान अडकलेली आहे. त्यामुळे आधी निकाल सांगतो, कारणं मागून.

चौघे बाद होत नाहीत.

स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे तुमच्यासारखे एकूण ठोके मोजायच्या पद्धतीत, खेळाडूने मधेच थांबायचं नाही, हे खरं. नुसता पाऊस पडतोय, चष्म्यावर पाणी येतंय, ग्रिप निसटतेय ही कारणं चालत नाहीत. तेवढ्यावर उठून गेलात तर बाद. पण गोल्फच्या नियमांनी एका गोष्टीला खास सूट दिलीय, ती म्हणजे वीज. विजेचा धोका आहे असं खेळाडूला रास्तपणे वाटलं, तर तो कुणाची परवानगी न घेता थांबू शकतो. अट एकच: समितीला लवकरात लवकर कळवायचं. तुमच्या चौघांनी शेडमधून फोन केला, म्हणजे कळवलं. 'आमच्याकडे कुठली समिती, आम्ही बाराजण मित्र' असं कुणी म्हणेल. जो यादी करतो, हँडिकॅप मांडतो आणि चषक आणतो, तोच नियमांच्या भाषेत समिती. त्याला फोन आला तेव्हाच स्पर्धा थांबवायची जबाबदारी त्याच्यावर आली. तो स्वतः पुढच्या चौकडीत खेळत होता आणि त्याचा स्कोअर बरा चालला होता, असं तुम्ही लिहिलंय. दुखणं तिथेच आहे.

'धोका रास्त होता की नाही हे कोण ठरवणार' असा वाद तुमच्याकडे होईल, आमच्याकडेही झाला. वीज पडली नाही म्हणून धोका नव्हता, हे म्हणणं म्हणजे अपघात झाला नाही म्हणून हेल्मेट फुकट गेलं म्हणण्यासारखं. लखलखाट दिसल्यावर गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्या मैदानावर पडू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडायचं नाही. गडगडाट पुन्हा झाला की अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज कडाडली की ते इशारा देतं. आमच्या गटात निदान दोघांच्या फोनमध्ये ते असल्याशिवाय मी टी-ऑफ (पहिला शॉट) करू देत नाही. फक्त फोन बॅगेच्या तळाशी ठेवून उपयोग नाही.

आता त्या चौघांचंही एक चुकलंच. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. पक्कं बांधकाम किंवा काचा वर केलेली चारचाकी, एवढ्या दोनच जागा खऱ्या. उघडी गोल्फ कार्ट कामाची नाही, एकट्या झाडाचा आडोसा तर नाहीच. 1991 साली अमेरिकेत हेझलटिनला यूएस ओपन चालू असताना वादळ आलं, प्रेक्षक एका झाडाखाली गोळा झाले, तिथेच वीज उतरली आणि एकाचा जीव गेला. 1975 मध्ये शिकागोजवळ वेस्टर्न ओपनमध्ये ली ट्रेव्हिनोसह तीन खेळाडूंना विजेचा झटका बसला. ट्रेव्हिनोची पाठ त्यानंतर वर्षानुवर्षं दुखत राहिली, शस्त्रक्रिया करावी लागली. ही जगातली मोठी नावं, आजूबाजूला पंच आणि भोंगे. आपल्याकडे बारा माणसं, बॅगा वाहणारे चार कॅडी आणि एक शेड.

लांब कशाला जायचं. 2014 चा मार्च. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने ज्वारी, गहू, द्राक्षं, मोसंबी सगळं झोडपलं होतं, आठवत असेल. आम्ही चौघे सहाव्या होलवर होतो. माझ्यासोबत साठीचे एक कॅडी होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. आभाळ काळं नव्हतं, पिवळट-हिरवं झालं होतं. मामा बॅग खाली ठेवून म्हणाले, 'साहेब, हे गाराचं आभाळ हाय. चला.' माझा बॉल ग्रीनपासून (कपाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीपासून) ऐंशी यार्डांवर, मस्त जागी. म्हटलं, मामा, हा एक शॉट होऊ द्या. तो शॉट हवेत असतानाच पहिली गार माझ्या खांद्यावर बसली, लिंबाएवढी. आम्ही जवळच्या बाभळीकडे पळालो तर मामांनी मागून दंड धरला. 'तिथं नगं. गेल्या साली तिथंच म्हस मेली.' मग बॅगा तिथेच टाकून, डोक्यावर हात धरून आम्ही शे-दीडशे पावलं पलीकडे उभ्या केलेल्या जीपपर्यंत पळालो. जीपच्या बॉनेटला पडलेले पोचे मी विकेपर्यंत तसेच ठेवले होते.

पाऊण तासाने उघडलं. बाहेर येऊन पाहिलं तर ग्रीनवर गारांचा खच. मघाचा माझा शॉट कपापासून चार पावलांवर. आता वाद: पटच्या (ग्रीनवर कपाकडे बॉल ढकलायच्या हलक्या ठोक्याच्या) वाटेतल्या गारा उचलायच्या की नाहीत? एक जण म्हणे, निसर्गाने दिलंय तसं खेळायचं. नियम स्पष्ट आहे. बर्फ म्हणजे नैसर्गिक बर्फ, गारही त्यातच. तिला सुटी वस्तू समजून बाजूला करा किंवा तात्पुरतं साचलेलं पाणी समजून सुटका घ्या, म्हणजे बॉल तिथून हलवा, निवड तुमची. दव आणि गोठलेलं दव मात्र यात येत नाही. आम्ही चौघांनी टोप्यांनी गारा लोटल्या. मी तीन पट केले ते वेगळं.

आता तुमच्या चषकाकडे. बंकरमधल्या पाण्याचा नियम बहुतेक हौशी खेळाडूंना अर्धवटच ठाऊक असतो. पावसाचं साचलेलं पाणी हे 'तात्पुरतं पाणी' आणि त्यातून फुकट सुटका मिळते, एवढं पाठ असतं. पण बंकरमध्ये ही फुकट सुटका बंकरच्या आतच घ्यायची. पाण्याबाहेरची, होलच्या अधिक जवळ नसलेली जागा बघून तिथे ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून खाली सोडायचा. सगळाच बंकर भरला असेल तर जिथे पाणी सगळ्यांत कमी, तिथे. बंकरच्या बाहेर यायचं असेल तर एक दंडाचा ठोका मोजून, होल आणि बॉल यांना जोडणाऱ्या रेषेत सरळ मागे जाऊन ड्रॉप करायचा. तुमच्या विजेत्याने बॉल शेजारच्या गवतावर ठेवला. ड्रॉप केला नाही, रेषा धरली नाही, ठोका मोजला नाही. म्हणजे चुकीच्या जागेवरून खेळला, आणि स्ट्रोक प्लेमध्ये त्याला दोन ठोके दंड. एका ठोक्याने जिंकलेला माणूस या हिशेबाने हरतो.

पण थांबा, इथे एक वळण आहे, ते मीही पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा चाट पडलो होतो. दंड आहे हे खेळाडूला ठाऊकच नसेल, आणि स्पर्धा बंद झाली असेल, म्हणजे तुमच्या पद्धतीप्रमाणे निकाल जाहीर होऊन चषक दिला गेला असेल, तर मागाहून दंड लावता येत नाही. त्याने जाणूनबुजून लपवलं असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा बाद. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. सगळ्यांसमोर बॉल उचलला, कुणी हटकलं नाही. मार्कर म्हणून कार्डावर सही करणाऱ्याने तरी विचारायला हवं होतं. तेव्हा चषक त्याच्याकडेच राहील. घरी जाऊन तो परत मागू नका. मात्र चौघांच्या नावापुढे लिहिलेलं 'बाद' खोडा आणि 'फेरी अपूर्ण, विजेमुळे थांबले' असं लिहा. यंदाच्या चषकावर नाव कोरायचं की नाही, हा नियमांचा प्रश्न नाही, बाराजणांनी बसून ठरवायचा प्रश्न आहे. मी असतो तर या वर्षाची ओळ कोरी ठेवली असती.

खरं तर हा सगळा गोंधळ टी-ऑफच्या आधी पाच मिनिटांत मिटला असता. आमच्या गटात पावसाळी दिवसाचा एक कागद असतो. तो पहिल्या टीवर मोठ्याने वाचतो, मग बॅगा उचलतो. त्यातलं पहिलं कलम थांबण्याचं. गाडीचा हॉर्न एकदाच लांब वाजला की जिथे असाल तिथे थांबा. पट चार इंचांचा राहिला असला तरी मारायचा नाही, मारलात तर बाद. तीनदा वाजला तर साधी स्थगिती: होल सुरू केलं असेल तर पुरं करता येतं, दोन होलांच्या मधे असाल तर पुढचं सुरू करायचं नाही. दोनदा आखूड वाजला की पुन्हा खेळ. हे संकेत मोठ्या स्पर्धांत भोंग्यावर जसे असतात तसेच आहेत, आपल्याकडे भोंगा नाही म्हणून बोलेरोचा हॉर्न. थांबताना बॉलची जागा खूण करून बॉल उचलता येतो, परत आल्यावर त्याच जागेवरून सुरुवात. खूण वाहून गेली तर अंदाजाने जागा ठरवायची, त्यावर भांडायचं नाही.

दुसरं कलम अर्धवट फेरीचं. सगळ्या चौकड्यांचे पहिले नऊ झाले असतील आणि पुढे खेळणं अशक्य झालं, तर पहिल्या नऊवर निकाल. नऊही झाले नसतील तर फेरी रद्द, तारीख पुढची. हे आधी लिहिलेलं नसलं की ज्याचा अकराव्या होलपर्यंतचा स्कोअर चांगला, त्याला अकरा मोजायचे असतात, आणि ज्याने सातव्यावर नऊ ठोके मारले त्याला फेरी रद्दच हवी असते. माणसाचा स्वभाव आहे, त्याला नावं ठेवून काय होणार.

तिसरं कलम बॉल उचलून पुसण्याचं. पावसाळ्यात फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) बॉल उचलून, पुसून जवळच ठेवायची मुभा समिती स्थानिक नियमाने देऊ शकते. आम्ही एका स्कोअरकार्डाच्या लांबीएवढी देतो, होलच्या जवळ नाही, फक्त कापलेल्या फेअरवेवर, आणि एकदाच. एकदा ठेवला की बॉल खेळात आला, पुन्हा कुरवाळायचा नाही. ही मुभा जाहीर केली नसेल तर ग्रीन सोडून इतर ठिकाणी चिखल पुसायला बॉल उचलायचा नाही, ही गोष्ट निम्म्या खेळाडूंना धक्का देते. चिखल लागलेला बॉल मारावाच लागला तर एवढं लक्षात ठेवा: चिखल उजव्या बाजूला असेल तर बॉल बहुधा डावीकडे वळतो, डाव्या बाजूला असेल तर उजवीकडे. वरच्या बाजूला असेल तर देवाचं नाव घ्या.

आपल्या काळ्या जमिनीने या नियमांत बरीच भर घातलीय. मेमध्ये ती भेगाळलेली असते, भेगेत बॉल गेला की हात घालायला विंचवाची भीती. पहिल्या वळवाने भेगा वरवर बुजतात आणि आत पोकळ राहतात. म्हणून जूनच्या स्पर्धेआधी भेगांना 'दुरुस्तीखालची जमीन' जाहीर करून टाकावं. समितीला तो अधिकार आहे आणि मग फुकट ड्रॉप मिळतो. पाऊस मुरला की तीच जमीन चिभडते. वरून आलेला बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतून बसतो. तो फेअरवेवर किंवा रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) असा रुतला असेल, म्हणजे त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असेल, तर फुकट ड्रॉप, लगेच मागे. बंकरमध्ये मात्र ही सवलत नाही. आणि रुतलेला बॉल सापडला तरच सवलत. 2019 पासून शोधायला पाच नव्हे, तीन मिनिटं मिळतात. काळ्या चिखलात तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही, तेव्हा शंका आली की आधीच दुसरा तात्पुरता बॉल मारून ठेवा.

जमीन नुसती मऊ आहे, बूट दाबला की पाणी वर येतं आणि पाय उचलला की जातं, ते 'तात्पुरतं पाणी' नाही. जोर न देता उभं राहिल्यावर बुटाभोवती पाणी दिसत राहिलं पाहिजे. आमच्याकडचे एक वकीलसाहेब एकाच जागी उड्या मारून पाणी काढून दाखवत. शेतकऱ्याला वाफसा कधी आला हे पायाखालून कळतं, तसंच हे आहे, फक्त वकील नको. जिथे मुरमाड उंचवटा आहे तिथे अर्ध्या तासात पाणी ओसरतं. स्पर्धेच्या दिवशी होलचा कप त्या बाजूला कापायला माळ्याला आदल्या दिवशीच सांगा.

तुमच्या मैदानावर ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ब्राउन असतील, तर पावसात त्यांचा वेगळाच अवतार असतो. पाणी मुरत नाही, थेंबाथेंबाने वर उभं राहतं, आणि बॉलला वाळूचा लाडू चिकटतो. तिथे बॉल खूण करून उचलून पुसा, साचलेलं पाणी वाटेत येत असेल तर जवळच्या कोरड्या जागी ठेवा, आणि पट एरवीपेक्षा चांगला दीडपट मारा.

खेळण्याबद्दल थोडं सांगतो, कारण तुम्ही तेही विचारलंय, पण जास्त नाही. पावसात बॉल कमी उडतो आणि पडल्यावर पळत नाही, म्हणून एक क्लब मोठा घ्या. वारा तोंडावर असेल तर दोन. आणि स्विंग पाऊणच. हौशी माणूस वाऱ्यात दात-ओठ खाऊन मारतो, बॉलला फिरकी जास्त बसते, बॉल वर चढतो आणि मागे येतो. लांब दांड्याचे आयर्न क्लब बॅगेतच ठेवा, हायब्रिड क्लब ओल्या गवतातून सहज निघतो. ओली वाळू घट्ट असते, तिथे नेहमीसारखा क्लब उघडून मारला तर तो उसळून बॉलच्या माथ्यावर बसतो. क्लबचा चेहरा थोडा सरळ ठेवा. पार (होलला ठरवून दिलेले ठोके) वाचवायचा विचार सोडा, सहाचा आठ होऊ देऊ नका, बस्स.

सगळ्यांत जास्त ठोके मात्र ग्रिपमुळे जातात. कातडी हातमोजा भिजला की साबणासारखा होतो. पावसाचे खास मोजे मिळतात, पण आमच्या गटातल्या निम्म्यांनी सोलापुरी पंच्याने काम भागवलंय. एक पंचा छत्रीच्या आत काडीला बांधायचा, तो कोरडा राहतो, दुसरा पट्ट्याला. ग्रिपभोवती हातरुमाल गुंडाळून मारायलाही नियम आड येत नाही. छत्रीचं मात्र एक लक्षात असू द्या. तुम्ही शॉट मारताना कॅडीने तुमच्या डोक्यावर छत्री धरली तर दोन ठोके दंड. एका हाताने स्वतः छत्री धरून दुसऱ्या हाताने दोन इंचांचा पट ढकलला तर चालतो. लग्नात नवरदेवावर अब्दागिरी धरतात तसे कॅडी साहेबांवर छत्री धरून उभे, हे दृश्य मी अनेकदा पाहिलंय आणि अनेक चषक त्यात वाहून गेलेत.

कॅडींवरून आठवलं. तुमच्या पत्रात बारा खेळाडूंचा उल्लेख तीनदा आहे, कॅडींचा एकदाही नाही. विजा चमकायला लागल्या तेव्हा ती पोरं कुठे होती? आमच्याकडे ती खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बॅगेपाशी बसून राहत, कारण बॅग सोडली तर साहेब ओरडेल. आता पहिल्या टीवर कागद वाचताना मी त्यांनाही जवळ बोलावतो आणि सगळ्यांदेखत सांगतो: हॉर्न झाला की बॅग टाका, गाडीत बसा, आणि त्या दिवसाचे पैसे पूर्ण मिळतील. क्लब चोरीला गेले तर माझ्याकडे मागा. अजून तरी कुणी मागितले नाहीत.

पुढच्या वर्षी स्पर्धेची पद्धतही बदलून बघा. पावसात सरळ ठोके मोजण्यापेक्षा स्टेबलफर्ड बरं. हँडिकॅप धरून पार केला की दोन गुण, एक ठोका जास्त झाला तर एक, एक कमी झाला तर तीन, दोन किंवा त्याहून जास्त झाले तर शून्य, बॉल उचला आणि पुढे चला. एखाद्या होलवर दहा झाले तरी दिवस संपत नाही. फ्रँक स्टेबलफर्ड हा पेशाने डॉक्टर. इंग्लंडमधल्या वाऱ्याने झोडपलेल्या वॉलसीच्या मैदानावर 1932 साली त्याने ही पद्धत सुरू केली, कारण सुरुवातीच्या काही होलवर वाट लागली की लोक हातपाय गाळून बसत. वेळही वाचतो, आणि आपल्याकडे वेळ म्हणजे आभाळ फाटायच्या आत घरी पोचणं.

मैदानाचं रीतसर रेटिंग झालेलं असेल आणि तुम्ही कार्डं अधिकृतपणे नोंदवत असाल, तर अशा दिवसाची भरपाई काही अंशी आपोआप होते. 2020 पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत त्या दिवशीचे स्कोअर नेहमीपेक्षा फारच चांगले किंवा वाईट निघाले तर गणितात उणे एक ते अधिक तीनपर्यंत फरक धरला जातो. त्यासाठी किमान आठ कार्डं लागतात. चौघे उठून गेल्यावर तुमच्याकडे बरोबर आठच उरली होती. आणखी एकाने विजेला भिऊन शहाणपणा केला असता, तर तेही हुकलं असतं.

सगळ्यात सोपं काम मात्र तारखेचं. वळवाचा पाऊस आपल्याकडे दिवसभर तापून दुपारी तीन-चारनंतर येतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. जूनमध्ये दुपारी एकला टी-ऑफ ठेवणं म्हणजे विजेला पत्रिका पाठवणं. जूनच हवा असेल तर सकाळी सहाला सुरू करा, अकरापर्यंत संपवा. माझं मत विचाराल तर चषक डिसेंबर-जानेवारीत न्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊसही विजा घेऊनच येतो आणि फेब्रुवारी-मार्चची गारपीट वर सांगितलीच. त्या दिवशी यादी करणाऱ्याने खेळायचंही नाही. कुणाला पटत नसेल तर आळीपाळीने एकाने बाहेर बसायचं, गाडीत, हॉर्नवर हात ठेवून. कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत, आणि लिहायला शिसपेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही, मग संध्याकाळी 'माझे पाच होते की सहा' हे पुन्हा पहिल्यापासून.

तेवढं एक राहिलं. त्या चौघांना 'बाद' मागे घेतल्याचं यादी करणाऱ्याने स्वतः फोन करून सांगावं. ग्रुपवर मेसेज टाकून नाही.